‘ताई, उद्या भरतो’ : प्रवेशाच्या तारखा आणि आपली मुले

30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये प्रवेश देण्याचा आदेश दिला. ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली, पुढेही पाठवली. जागा पक्की करण्यासाठी 17,500 रुपये भरायचे होते आणि मुदत होती 24 जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. पैसे गोळा होईपर्यंत शेवटची काही मिनिटे उरली, पोर्टल बंद झाले आणि जागा गेली. तीन महिने दारोदार फिरल्यावर न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद 142 खालचे विशेष अधिकार वापरून ती परत मिळवून दिली. त्याआधी 22 नोव्हेंबर 2021 रोजी, फी भरताना तांत्रिक अडचण आल्यामुळे आयआयटी मुंबईतली जागा गमावलेल्या अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याला याच न्यायालयाने दिलासा दिला होता.

ही दोन्ही मुले आळशी नव्हती. पैसा आणि यंत्रणा आडवी आली. पण या बातम्या वाचताना आम्हाला वेगळीच मुले आठवतात. ती न्यायालयापर्यंत जात नाहीत, कारण त्यांनी अर्जच केलेला नसतो. त्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते. आम्ही शहराच्या कडेच्या एका वस्तीत, विहाराच्या आधाराने विद्यार्थ्यांचे काम करतो. दर जून-जुलैत आम्हाला सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य आहे, “ताई, उद्या भरतो.” दोन आठवड्यांनी तोच मुलगा म्हणतो, “तारीख गेली ताई. यंदा बी.ए.ला टाकतो, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तो बहुधा कुठल्या तरी गोदामात किंवा डिलिव्हरीच्या बाईकवर दिसतो.

वस्तीचे यावर उत्तर ठरलेले आहे. पोरं मोबाईलमध्ये बिघडली, आळशी झाली, यांना किंमत नाही. आम्हीही काही वर्षे हेच बोलत होतो. त्यावर शेवटचा रामबाण म्हणजे, “बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला एक फॉर्म भरता येईना?” या वाक्याने कोणी फॉर्म भरल्याचे आम्ही आजवर पाहिलेले नाही. मुलगा मान खाली घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून विहाराच्या रस्त्याने येणे बंद करतो.

2024 च्या उन्हाळ्यातला एक मुलगा सांगतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारावी सायन्स, सीईटीत बरे गुण, अभियांत्रिकीला जायचे असे दहावीपासून ठरलेले. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरी स्वयंपाक करते. सीईटीचा निकाल लागला तरी याने जात पडताळणीचा अर्ज केलेला नव्हता. विचारले की हसायचा. आई रोज रात्री विचारायची, “फॉर्म भरला का रे?” आणि तो “हो, होतंय” म्हणून मोबाईलमध्ये तोंड घालायचा. जुलैत कॅपची नोंदणी सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या एकाने त्याला चांगलेच झापले. तो आठ दिवस दिसला नाही. ती आमची चूक होती, हे नंतर कळले.

जात पडताळणीला काय लागते ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे, तरी पुन्हा मांडू. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, आणि वंशावळीचे शपथपत्र. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर काम बरेच सोपे होते. या मुलाच्या घरात ते एकाच व्यक्तीकडे होते, त्याच्या आत्याकडे. आत्या शिक्षिका. आणि गावच्या घराच्या वाटणीवरून वडील आणि आत्या पाच वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

हे त्याने आम्हाला सांगितलेच नव्हते. फॉर्म भरायचा म्हणजे आत्याच्या दारात जायचे, आणि तिथे जायचे म्हणजे वडिलांना आधी सांगायचे. ते सांगणे तो रोज उद्यावर ढकलत होता. आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

तथागतांनी सांगितलेल्या पाच नीवरणांपैकी आपण मुलांना एकच चिकटवतो, थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती. कुक्कुच्च, म्हणजे आतून खाणारी चुकीची रुखरुख, आणि विचिकिच्छा, म्हणजे शंका, ही दोन आपल्या लक्षात येत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाची टाळाटाळ जवळ बसून पाहिली की बहुतेक वेळा ती या दोनांतली निघते. चुकीचा पर्याय टाकला तर? आपले गुण कळले तर मित्र काय म्हणतील? नाही मिळाले तर आईला काय सांगू? फॉर्म उघडला नाही तोवर यातले काहीच खरे होत नाही, म्हणून फॉर्म उघडायचा नाही. चांगल्या गुणांची मुले जास्त टाळतात, हा आमचा अनुभव त्यामुळेच असावा. त्यांच्याकडे गमावण्यासारखे काही असते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. ज्या घरात 14 ऑक्टोबर 1956 नंतर जुने जातीचे नाव उच्चारायचे नाही असे ठरले, त्या घरातले पोर फॉर्म उघडते आणि पहिल्याच पानावर ते नाव निवडायला सांगितले जाते. कुणाच्या टीसीवर ‘बौद्ध’, कुणाच्या ‘नवबौद्ध’, वडिलांच्या दाखल्यावर ‘महार’. यातले नेमके काय भरायचे? 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश 1990 मध्ये दुरुस्त होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा लाभ मिळू लागला. हक्क कायद्याने पक्का आहे. पण त्यासाठी पूर्वजाची जात शोधून सिद्ध करायची, ही गोष्ट त्या वयात कडू लागते. एका मुलीने आम्हाला सरळ विचारले, “आपण ते सोडलं ना, मग मीच का ते शोधत फिरू?” तिला आम्ही जे उत्तर दिले ते आम्हालाही पुरेसे वाटले नाही. हा दाखला म्हणजे तुझी ओळख नाही, तुझ्या पणजोबावर झालेल्या अन्यायाचा तो कागद आहे आणि त्याची भरपाई मागणे हा तुझा हक्क आहे, असे काहीसे बोललो. तिने अर्ज केला. पटून केला की आमच्या भिडेखातर, ते सांगता येणार नाही. शिवाय गुणवत्ता यादी जाहीर होते तेव्हा नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो आणि वर्गाच्या ग्रुपवर ‘कोटा’वाले विनोद त्याच संध्याकाळी सुरू होतात. मुले हे आधीच जाणतात.

शासनाने मुलांना टाळाटाळ शिकवली आहे, हेही म्हटले पाहिजे. दर हंगामात एखादी तरी मुदत वाढते. संकेतस्थळ बंद पडते, दाखले अडकतात, मग ‘विद्यार्थी हितार्थ’ मुदतवाढ मिळते. काही वेळा पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून तात्पुरता प्रवेशही मिळतो. मोठ्या भावाने हे पाहिलेले असते, तो धाकट्याला सांगतो, “घाई करू नको, तारीख वाढते.” आणि मग एखादी तारीख वाढत नाही. वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या दिवसापर्यंत अपलोड झाले नाही तर कॅपमध्ये विद्यार्थी खुल्या प्रवर्गात मोजला जातो. ज्याच्या घरी वकील, प्राध्यापक, क्लासवाले आहेत त्याला कोणती तारीख वाढेल आणि कोणती नाही याचा अंदाज असतो. आपल्या घरी तो नसतो. सगळ्यांसाठी सारखीच दिसणारी मुदत प्रत्यक्षात सारखी नसते.

त्यात तारखा उलट्या क्रमाने येतात. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या सीयूईटीचे अर्ज 2025 मध्ये मार्चमध्ये भरले गेले, म्हणजे बारावीची परीक्षा चालू असतानाच. निकालानंतर बघू म्हणणाऱ्याच्या हातून ते विद्यापीठ निकालाआधीच गेलेले असते. तिथे जातीचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. जात पडताळणीच्या अर्जाला कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे पत्र लागते. बारावी झाल्यावर गेले तर जुने कॉलेज म्हणते तू आता आमचा नाहीस, आणि नवे कॉलेज अजून मिळालेले नसते. म्हणून हा अर्ज अकरावीतच गेला पाहिजे. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, दहा पसंतीक्रम, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे आता पंधरा वर्षांच्या मुलावरही तीच वेळ आली आहे, आणि खेड्यातल्या मुलावरसुद्धा.

नेट कॅफेवाल्यांविषयीही दोन शब्द. त्यांच्याशिवाय आपल्या वस्तीचे काम चालत नाही, हे मान्य. पण घाईच्या दिवसांत ते स्वतःचाच मोबाईल नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकून नोंदणी करतात. पुढे ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, पासवर्ड त्यांच्या वहीत राहतो आणि ऑप्शन फॉर्मच्या दिवशी दुकानाला कुलूप असते. एका मुलीचा फॉर्म तर आम्हीच असा भरून दिला होता, आमच्या फोनवरून, रात्री अकराला, प्रेमाने. दुसऱ्या फेरीत तिला जागा मिळाल्याचा संदेश आमच्या फोनवर आला तेव्हा आम्ही बाहेरगावी कार्यक्रमात होतो, फोन बॅगेत. संध्याकाळी पाहिला. थोडक्यात वाचलो. तेव्हापासून नियम केला की की-बोर्डला हात मुलानेच लावायचा. आपण शेजारी बसायचे.

शेजारी बसणे हे ऐकायला किरकोळ वाटते, पण आमचे बहुतेक काम तेवढेच आहे. ‘फॉर्म भर’ असे आम्ही आता सांगत नाही. आज फक्त आधारवरचे नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचे नाव जुळते का ते बघू, एवढेच. उद्या बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते, कारण शिष्यवृत्तीचा केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. परवा फोटो आणि सही स्कॅन. वीस मिनिटांचे एक काम झाले की मुलगा घरी जातो. ‘झाले’ असे काहीतरी हातात घेऊन गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येतो, हे आम्हाला झापाझापीच्या वर्षांत कळले नव्हते. भिंतीवर एक कागद लावतो, त्यावर शासनाची तारीख लिहीतच नाही. तिच्या पाच दिवस आधीची आमची तारीख लिहितो, आणि का ते मुलांना सांगतो. शेवटच्या दिवशी साइट चालत नाही, ओटीपी येत नाही, सेतू केंद्रात रांग असते. फसवून आधीची तारीख सांगितली तर मुले एकदा फसतात, मग कुठलीच तारीख खरी मानत नाहीत.

ऑप्शन फॉर्मला मात्र घाई करू नये. इथे मुले सर्वांत जास्त अडकतात आणि इथेच जाणत्या माणसाची गरज असते. सीईटी कक्ष मागच्या वर्षीचे कट-ऑफ जाहीर करतो. त्यात जीएससीएच, जीएससीओ, जीएससीएस, एलएससीएस अशी अक्षरे असतात, ती घरी कोणालाच वाचता येत नाहीत. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा, मधले एससी म्हणजे प्रवर्ग, शेवटचा एच आपल्या विद्यापीठ क्षेत्रातला, ओ बाहेरचा, एस राज्यस्तरावरचा. एवढे समजावले की मुलगा स्वतः तासभर यादी चाळत बसतो. भीती आकड्यांत बदलली की ती हाताळता येते. हे समजावायला आम्ही मागच्या वर्षी याच चक्रातून गेलेल्या मुलांना बसवतो. आमच्यापेक्षा त्यांचे ऐकतात.

आईवडिलांना आमची एकच विनंती असते. ‘फॉर्म भरला का’ हा प्रश्न बंद करा. त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते आणि ‘नाही’ म्हणायला मुलाला लाज वाटते, म्हणून तो खोटे बोलतो. ‘आज काय अडलं?’ असे विचारा.

त्या मुलाचेही असेच उकलले. आमच्यातल्या एका ताईने त्याला नोंदणीचे काही न विचारता वंशावळ काढायला बसवले. पणजोबा, आजोबा, वडील, काका… आत्याच्या नावापाशी पेन थांबले. मग अर्ध्या तासाने सगळे बाहेर आले. त्या रात्री आम्ही दोघेजण त्याच्या वडिलांकडे गेलो. ते आधी चिडले, “तिच्या दारात मी जाणार नाही.” आम्ही म्हटले, तुम्ही जाऊ नका, पोराला जाऊ द्या. रविवारी तो आईबरोबर गेला. आत्याने प्रमाणपत्राच्या झेरॉक्ससोबत आजोबांच्या शाळेचा उताराही काढून दिला, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. नोंदणी पावतीवर झाली, आमच्या तारखेला, म्हणजे मुदतीच्या पाच दिवस आधी. मूळ प्रमाणपत्र यायला वेळ लागला आणि ते दिवस आम्हालाही जड गेले. आले.

सगळ्यांचे येत नाही. त्याच वर्षी एका मुलीच्या फाईलमध्ये 1950 पूर्वीचा एकही कागद मिळाला नाही, गावच्या शाळेचे जुने रजिस्टरच जागेवर नव्हते. तिला आमचे शेजारी बसणे उपयोगी पडले नाही. आजोबा शाळेतच गेले नाहीत म्हणून नातीकडे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून नातीचा हक्क अडतो, हा प्रश्न कुटुंबाच्या शिस्तीचा नाही. तो समित्यांपुढे आणि विधिमंडळात लढायचा आहे आणि त्यात आपल्या संघटना फार मागे आहेत. मुलांना वेळेवर फॉर्म भरायला लावणे हे त्या लढ्याला पर्याय नाही, हे कार्यकर्त्यांनी एकमेकांना बजावत राहावे. पण उलटही खरे. मोर्चा ऑगस्टमध्ये निघतो आणि मुलाची तारीख जुलैत असते.

आपल्या चळवळीकडे मनुष्यबळ नाही असे आम्हाला वाटत नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीला प्रत्येक वस्तीत शंभर तरुण महिनाभर राबतात, हिशेब ठेवतात, परवानग्या काढतात. परवानगीचे अर्ज वेळेवर भरतात! विहारांतल्या अभ्यासिका मात्र बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या मोठ्या मुलांनी भरलेल्या असतात, सतरा वर्षांच्या मुलासाठी तिथे टेबल नसते. प्रवेशाचा हंगाम आणि वर्षावास जवळपास एकत्रच येतात. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते, आया येतात, मुले चपलांपाशी रेंगाळतात. वाचनानंतर एक तास, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि मागच्या वर्षी प्रवेश घेतलेली दोन मुले, एवढ्यावर आमचे टेबल तीन वर्षे चालले आहे. जयंतीच्या वर्गणीतला छोटा हिस्सा यासाठी काढला तर प्रत्येक विहारात ते चालेल.

बाबासाहेबांचा दाखला द्यायचाच तर अठरा तासांचा देऊ नये. 1917 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांची शिफारस त्यामागे होती. 1920 मध्ये, साठवलेले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले आणि शाहू महाराजांनी दिलेले पैसे घेऊन ते परत गेले, मुदतीच्या आत. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. त्यांना ती अठरा तासांपेक्षा जवळची वाटते, कारण तीत पैसे नसणे आहे, कागद आहे, तारीख आहे आणि मदत मागणे आहे.

तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या जुलैत आमच्या टेबलावर जीएससीएस समजावत होता. आत्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स यंदा त्याच्या चुलत बहिणीच्या फाईलला लागली आहे. ती अकरावीत आहे.